गणपतरावांनी न घातलेला घाव

गणपतराव गेल्याची बातमी मला सांगलीच्या हळदपेठेत कळली. स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायला हलकी हळद मिळते का ते बघायला मी गेलो होतो. उंब्रजकडचा एक गाडीवान पोती उतरवत होता. त्यानं मला ओळखलं आणि पाठीवरचं पोतं तसंच ठेवून म्हणाला, "गुरुजी, तात्या गेलं की." आमच्या भागात घराघरात एक तात्या असतो, म्हणून मी विचारलं, कोण तात्या? तर म्हणाला, "आवं, केल्टाचं तात्या..." पोतं उतरवून त्यानं पटक्यानं तोंड पुसलं. साध्या तापाचं निमित्त झालं, इतकंच त्याला ठाऊक होतं. मी हळद न घेताच परत आलो.

याला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात शाळेत शोकसभा झाली. गणपतराव मृदू स्वभावाचे होते, अजातशत्रू होते, त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली, असं सगळं रीतसर बोलून झालं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. गणपतराव मृदू बिलकुल नव्हते. ते हट्टी होते, खवचट होते, वादाच्या भरात समोरच्याचा चहा पिऊन टाकत आणि वर साखर कमी आहे म्हणून तक्रार करत. अजातशत्रू म्हणावं, तर ज्यांनी त्या दिवशी भाषणं केली त्यांच्यातल्याच काहींनी त्यांना शाळेतून काढताना माना डोलावल्या होत्या. माणूस मेला की त्याची नखं कापून त्याला गोंडस करायची आपल्याला भारी हौस. मी ती पुरवणार नाही. माझा मित्र जसा होता तसा लिहिणार आहे.

आमच्या शाळेत ते इतिहास शिकवत आणि मी चित्रकला. दुसरी मोठी लढाई सुरू होती तो काळ. मॅट्रिकच्या मुलांना तेव्हा इंग्लंडचा इतिहास असे आणि त्यात अगदी सुरुवातीला ब्रिटनच्या मूळच्या लोकांबद्दल दोन ओळी होत्या. हे लोक रानटी होते, अंगाला निळा रंग फासत, झाडांना भजत. मग रोमन आले आणि सुधारणा झाली. बाकीचे मास्तर या दोन ओळी वाचून पान उलटत. गणपतराव पुस्तकच मिटत, आणि ते बरेच दिवस मिटलेलं राही. त्यांच्या आणि माझ्या वर्गांमध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. माझी मुलं हातात पेन्सिल धरून पलीकडचं ऐकत बसत. खरं सांगायचं तर मीही ऐकत असे. "झाडाला भजणारा तो रानटी," गणपतराव म्हणत, "मग परवा वडाला सूत गुंडाळून आली ती तुझी आई कोण रे?" मुलं हसत, आणि हसता हसता हळूहळू गप्प होत.

त्या लोकांना केल्ट म्हणतात, हे मी त्या भिंतीतूनच पहिल्यांदा ऐकलं. सातारच्या कँपातला एक आयरिश डॉक्टर विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला होता. लोकांनी खुर्च्या नेल्या, आरसे नेले. गणपतरावांनी वाळवीनं कडा खाल्लेला एक जाडजूड ग्रंथ आणला आणि तो त्यांच्या अंगात आला. या लोकांना देवळं नव्हती. त्यांचे देव राईत राहत, झऱ्यात राहत. तळ्याला नवस फेडायचा तर चांगली धार लावलेली तलवार, घरातली मोठी कढई पाण्यात सोडून देत. त्यांचे पुजारी, म्हणजे ड्रुइड, वीस वीस वर्षं विद्या पाठ करत. लिहिता येत असूनही ती लिहीत नसत. ते काळ मोजत तो रात्रींनी. त्यांच्या आयरिश वंशजांत पुढंही एक समजूत राहिली होती, की पिकं घरात आल्यावर थंडीच्या तोंडाला एक रात्र अशी येते जेव्हा मेलेली माणसं घरी फिरकतात. उन्हाळा लागताना ते दोन जाळ पेटवून मधून गुरं काढत, म्हणजे वर्षभर रोगराई नको. "आपण दिवाळीच्या पाडव्याला जाळावरून गुरं उडवतो," गणपतराव सांगत, "तेव्हा कुणी सायबानं आपला फोटो काढला तर खाली काय लिहील? रानटी. त्याच्याच आजोबाचा फोटो आहे म्हणावं तो."

पण ते केल्टांचे भाट नव्हते. कुणी पोरगं फार भारावलं की लगेच त्याला जमिनीवर आणत. "सगळं गोड मानून घेऊ नकोस. माणसंही बळी देत ते. शत्रूची मुंडकी दाराला टांगत. आपल्याकडेही जुन्या पुलाच्या पायात कोण पुरलंय ते विचार म्हाताऱ्यांना." हेडमास्तरांचं एकच पालुपद असे, की हे परीक्षेला येत नाही. एका मुलानं सहामाहीच्या पेपरात केल्टांचा देव भैरोबा असं लिहिलं आणि गणपतरावांनी त्याला पुरे गुण दिले, तेव्हा तर शाळेत वादळच झालं. शाळेच्या आंब्यावर बांडगूळ होतं. वर्ग त्या झाडाखाली नेऊन ते एकदा सांगत होते, की याच्या विलायतेतल्या भावंडाला ड्रुइड पवित्र मानत, सोन्याच्या विळ्यानं उतरवत, खाली पांढरं कापड धरत. माडीवरून हेडमास्तर म्हणाले, "आमच्याकडे बांडगुळाला पगार देतात." गणपतराव वर बघून म्हणाले, "द्या की. पण खाली पडू देऊ नका."

या सगळ्यात एक गोष्ट ते दरवर्षी सांगत, आणि ती सांगताना त्यांचा आवाज उतरे. केल्टांचीच एक शाखा म्हणजे गॉल लोक. रोमनांचा मोठा सेनापती त्यांच्या मुलखात वेढा घालून बसला होता. त्याला लाकूड हवं होतं आणि जवळ एक राई होती, कुणी कधी काडी न मोडलेली. त्यानं शिपायांना तोडायला सांगितलं, पण त्यांचे हात चालेनात. घाव उलटून आपल्यालाच लागेल असं त्यांना वाटलं. तेव्हा सेनापतीनं स्वतः कुऱ्हाड घेतली, एका ओकच्या बुंध्यात घाव घातला आणि म्हणाला, पाप लागायचं ते मला लागू दे. मग भीती मोडली आणि राई आडवी झाली. "आणि गॉल काय करत होते?" गणपतराव विचारत. "उसासे टाकत होते. काहीजण तर मनातून खूश होते, म्हणत होते, थांबा, आता देवच यांचे हात मोडील. देवानं काही केलं नाही. पोरांनो, त्या लोकांचं चुकलं ते इथं. आपल्या वाटणीचं काम त्यांनी देवावर टाकलं." हे वाक्य मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलंय की त्यातली खोकल्याची जागाही मला पाठ आहे.

गणपतरावांच्या गावालाही अशीच एक राई आहे, हे आम्हाला माहीत होतं. उंब्रजच्या वर डोंगराकडे त्यांचं गाव. भैरोबाच्या नावानं सोडलेलं ते रान. भोवती दगडांची कड, आत चपला न्यायच्या नाहीत, पडलेली काटकीही घरी आणायची नाही, बायकांनी तर दगड ओलांडायचेच नाहीत. वर्षातून एकदा होळीला एक फांदी तोडतात. पण तिच्यावर पहिला घाव घालायचा मान एकाच घराचा, गणपतरावांच्या. त्या घरातल्या थोरल्यानं घाव घातल्याशिवाय राईत दुसऱ्या कुणाची कुऱ्हाड चालत नाही. ते दरसाल होळीला रजा काढून जात. देव मानत नसत, पण रजा मात्र न चुकता काढत, आणि मी त्यावरून चिडवलं की म्हणत, "देव नसेल हो, फांदी तर आहे."

लढाईच्या मधल्या वर्षांत सरकारला लाकूड हवं झालं. कऱ्हाडचा एक ठेकेदार राईवर टपला. कागदोपत्री ते सरकारी रान होतं, त्यामुळे परवाना निघाला. पण त्या खोऱ्यात मानाच्या घावाशिवाय मजूर झाडाला हात लावणार नाहीत, हे ठेकेदार पक्कं ओळखून होता. तो तिथलाच होता ना. त्यानं गावाला सांगितलं, देवाला विचारा, आणि देव हो म्हणाला तर भैरोबाच्या उघड्या चौथऱ्यावर मी पत्र्याचं देऊळ बांधून देतो. मग गुरवानं कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली की होकार. उजवीच पडली.

हा निरोप घेऊन गणपतरावांचा धाकटा भाऊ रामू सांगलीला आला. मी तेव्हा त्यांच्याकडेच बसलो होतो. रामूचं भावावर जीवापाड प्रेम होतं, पण तो दहाजणांच्या शब्दाखाली लगेच वाकणारा गडी. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "तात्या, द्येवानंच कौल दिलाय. आता आपुन काय बोलायचं? तुमी येऊन एक घाव घाला म्हंजे झालं. समदा गाव वाट बघतुया."

"आन् न्हाई घातला तर?" गणपतराव घरच्या माणसाशी घरचंच बोलत.

"असं कसं म्हंतासा? द्येवाच्या म्होरं का जायाचं हाय?"

गणपतरावांच्या पत्नी पार्वतीवहिनी चुलीपाशी होत्या, त्या वळून म्हणाल्या, "जावा. पर नोकरीचं बघून जावा." पुढं काय होणार हे त्यांना आमच्या आधी दिसलं असावं.

उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती. मीही बरोबर गेलो. आम्ही पोचलो तर गाव दगडांच्या कडेबाहेर गोळा झालेला. बाहेरून आणलेले मजूर कुऱ्हाडी पायाशी ठेवून विड्या ओढत होते. ठेकेदार होता, आणि लाकूडखात्याचा एक साहेब होता, सोलाटोपी घातलेला, आपल्यातलाच, शिकलेला तरुण माणूस. मानाच्या कुऱ्हाडीला हळदकुंकू लावून ती गणपतरावांच्या हातात दिली. चपला काढून ते आत गेले, पहिल्या मोठ्या हिरड्यापाशी थांबले. आणि त्यांनी कुऱ्हाड हळूच खाली ठेवली.

"द्येवानं व्हय म्हटलं," ते वळून म्हणाले. "मी न्हाई म्हंतो."

गलका उठला. एक म्हातारा काठी आपटत पुढं आला. "गणू, तू काय द्येवापरीस मोठा झालास व्हय रं?"

"न्हाई आबा. पर कौल द्येवाला लावलासा, मला कुटं इचारलं? त्येचा व्हकार त्येच्याजवळ. घाव माजा हाय, त्यो मी घालनार न्हाई."

मजुरांनी विड्या विझवल्या आणि ते उठून मागे सरले. ठेकेदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेव्हा तो साहेब पुढं झाला. त्यानं बूट काढले नाहीत. सरळ आत गेला, कुऱ्हाड उचलली आणि मजुरांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "घाबरू नका. पाप लागायचं ते मला लागू दे."

गणपतराव मोठ्यानं हसले. सगळ्यांना वाटलं, मास्तरांना वेड लागलं. त्यांना का हसू आलं ते तिथं मला एकट्याला कळलं आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण त्या गोष्टीचा शेवट मला माहीत होता. ते हसत हसतच चालत गेले आणि हिरड्याला पाठ लावून, साहेबाच्या बरोबर समोर उभे राहिले.

"मास्तर, बाजूला व्हा. हे लढाईचं काम आहे."

"त्या रोमनाला कुणी आडवं गेलं नव्हतं, साहेब," गणपतराव म्हणाले. "तेवढं राहून गेलं होतं. घाला आता."

साहेबानंही तेच पुस्तक वाचलं असेल, नसेल. त्यानं कुऱ्हाड उचललेली होती, ती हवेत राहिली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. गावातला एक माणूस पुढं आला नाही हे मी सांगू शकतो. रामू खाली बघत होता. मी दगडांच्या बाहेरच उभा होतो. शेवटी साहेबानं कुऱ्हाड टाकली आणि तो तरातरा निघून गेला.

राई वाचली आणि नोकरी गेली. सरकारी कामात अडथळा केला म्हणून गणपतरावांना काही दिवस कोठडीत बसवलं आणि शाळेनं लगोलग त्यांना कामावरून मोकळं केलं. हेडमास्तर म्हणाले, आमचा नाइलाज आहे. ते सांगलीचं बिऱ्हाड मोडून गावी गेले. तुम्हाला वाटेल गावानं त्यांना डोक्यावर घेतलं असेल. छे. देवानं दिलेला कौल मोडणारा माणूस म्हणून गाव त्यांच्याशी फटकून वागू लागला. पत्रा आला नाही तो यांच्यामुळे. त्या साली गुरांना लाळेचा रोग आला तो यांच्यामुळे. कुणाच्या पोरीचं लग्न मोडलं तेही यांच्याचमुळे. रामूनं बोलणं टाकलं. वाटणी झाली, मधे कूड घातला गेला. गणपतराव शेती करू लागले आणि ती त्यांना अजिबात जमत नव्हती. मी गेलो की नांगराच्या रुमण्यावर हात ठेवून मला ड्रुइडांचं काही नवं सांगत आणि बैल बिचारे ऐकत उभे राहत.

एकदा मी त्यांना विचारलं, जो देव तुम्ही मानत नाही त्याच्या झाडांसाठी हे सगळं कशाला? आपली मुलं, तुमचा वर्ग... माझ्या त्या बोलण्यात राग होता, कारण भिंतीपलीकडं आता दुसरे मास्तर दोन ओळी वाचून पान उलटत होते. ते म्हणाले, "मानणारे सगळे हो म्हणून बसले होते. मग नाही कुणी म्हणायचं?" आणि लगेच म्हणाले, "वर्गाचं नाव काढू नका. तेवढं दुखतं."

मी बाराव्याला गेलो तेव्हा तोच गाव अंगणात मावत नव्हता. "तात्या म्हंजे द्येवमाणूस व्हता," असं जो तो सांगत होता. जिवंत असताना ज्यांनी ओटीवर पाय ठेवला नाही ते पंक्तीत बसून वाढप्याला हाका मारत होते. मी ताटावरून उठणार होतो, पार्वतीवहिनी म्हणाल्या, "भावजी, बसा. अजून पागोटं व्हायचं हाय." मग मला तो ठेकेदार दिसला. आता त्याच्या अंगावर पांढरीशुभ्र खादी होती. स्वराज्य आलं होतं आणि लोकांना हवी ती गोष्ट तो घेऊन आला होता. गावाला शाळा बांधायची, तात्यांचंच नाव द्यायचं, आणि आढ्याला, तुळयांना लाकूड राईतलं. उरलेलं लाकूड तो नेणार होता, हे त्यानं हळू आवाजात सांगितलं. "आता सरकार आपलंच हाय," तो म्हणाला. ज्या माणसाला शाळेतून हाकललं त्याच्या नावाची शाळा, आणि ज्या झाडांपायी हाकललं त्याच झाडांची... मला हसावं की कुणाचं नरडं धरावं ते कळेना.

जेवणं झाली आणि पागोटं बांधायची वेळ आली. घरातला कर्ता गेला की त्याच्या वारसाच्या डोक्याला जमलेले आप्त पागोटं बांधतात आणि घरचा मान त्याच्याकडे जातो. गणपतरावांना मुलगा नव्हता. एकच मुलगी, शालन. बापाकडे घरीच शिकून मॅट्रिक झालेली. त्यामुळे मान भावाकडे जाणार, यात कुणाला शंका नव्हती. रामूला पाटावर बसवलं. ठेकेदारानं स्वतः नवं कोरं पागोटं आणलं होतं. ते रामूच्या डोक्याला बांधायला म्हातारे पुढं झाले, आणि सगळ्यांना दिसत होतं की पागोटं बसलं की होळीची वाट न बघता दुसऱ्या सकाळी घाव पडणार. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

रामूनं म्हाताऱ्यांचा हात धरला. "थांबा," म्हणाला. पागोटं त्यानं आपल्या हातात घेतलं, पाटावरून उठला, घातलेल्या कुडाला वळसा घालून भावाच्या वाटणीच्या सोप्यात गेला. शालन जोत्यापाशी खाली मान घालून बसली होती. तिच्यापुढं हा रांगडा माणूस गुडघ्यावर बसला आणि तिच्या डोक्याला पागोटं बांधू लागला. पीळ नीट बसेना. कुणीतरी ओरडलं, "रामू, येड लागलं का? पोरीच्या डोस्क्याला?"

रामू वळला नाही. "मला ठावं हाय मी कसा हाय ते," तो म्हणाला. "उद्या चारजण आलं, पाठीवर हात ठिवला, की मी व्हय म्हननार. तवाबी म्हनलो. मला न्हाई म्हनाया जमत न्हाई... हिला जमंल. हिच्या बाला जमत व्हतं."

ठेकेदार सावरून पुढं आला. लहान मुलीशी बोलावं तसं गोड हसला. "बाय, शाळा तुज्या बाच्याच नावाची हाय. लाकूड द्याचं न्हवं?"

पागोटं मोठं होतं, तिच्या भुवयांवर उतरलं होतं. शालननं ते एका हातानं वर सारलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली.